उजेडाची हळद

लाल आणि हिरवा एकत्र केला की पिवळा होतो, असं जनूभाऊंनी मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी त्यांना सरळ वेड्यात काढलं. माझं आयुष्य शिवणकामात गेलंय. लाल दोरा आणि हिरवा दोरा एकत्र पिळला तर काय होतं ते मला कुणी शिकवायला नको. पिवळा तर मुळीच होत नाही, काहीतरी मळकट, गोणपाटासारखं होतं.

"दोऱ्याचं सोडा हो ताई," ते म्हणाले. "मी उजेडाचं बोलतोय."

मग त्यांनी शटर अर्धं खाली ओढलं, टेबलावरचं उघडं मशीन चालू केलं आणि समोरच्या भिंतीवर दोन ठिपके पाडले. एक लाल, एक हिरवा. आतल्या एका इवल्याशा काचेचा स्क्रू ते फिरवायला लागले, तसा हिरवा ठिपका सरकत सरकत लालवर जाऊन बसला. आणि खरंच सांगते, भिंतीला हळदीचं बोट लावावं तसा पिवळा ठिपका झाला. मी म्हटलं, "अगं बाई!" दुसरं काही सुचलंच नाही.

"बघितलंत? मशीनमध्ये पिवळा नाहीच. लाल, हिरवा, निळा, एवढेच तीन लेझर. बाकी सगळे रंग यांच्या संगनमताने."

आता गंमत अशी की ज्या माणसाने मला हे दाखवलं, त्याला स्वतःला ते दिसत नव्हतं. पण ते मला पुढे कळलं.

उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये आमचे गाळे एकमेकांना लागून. माझा ब्लाउज, फॉल, पिकोचा. त्यांचा लेझर दुरुस्तीचा. मागेपुढे जीन्सचे कारखाने, दिवसभर मशीनची घरघर. मी घाटावरची, लग्न होऊन इकडे आले. नवरा गेला, दुकान राहिलं. आपण बरं आणि आपलं काम बरं, ही माझी रीत. शेजारच्या गाळ्यात काय चाललंय याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं. पण मधली भिंत पत्र्याची, आता कानांना काय बूच मारून बसायचं?

जनूभाऊ मूळचे बदलापूरच्या पुढच्या एका गावातले. अजूनही राहायला तिथेच, रोज येऊन-जाऊन करतात. अंगाने बारीक, बोलायला सावकाश, आणि चहाला कधी नाही म्हणणार नाहीत. त्यांच्याकडे येणारी मशीनं म्हणजे लग्नात, हळदीत, गणपतीत नाचून-आपटून आलेली. टेम्पोतून उतरवताना कुणीतरी आदळतं, आतल्या काचा केसभर हलतात, आणि मग भिंतीवर साधा कलश काढला तरी त्याला एका बाजूने लाल कड येते, दुसऱ्या बाजूने निळी. डीजेवाला रडकुंडीला येऊन सांगतो, "जनूभाई, एक का तीन दिख रहा है."

आतली मांडणी मला आता पाठ झालीय. तीन रंगांच्या तीन रेषा. मध्ये अशा काचा, की एक रंग आरपार जाऊ देतात आणि दुसऱ्याला वळवून त्याच वाटेवर आणतात. तिन्ही एका वाटेला लागले की पुढे नखाएवढे दोन थरथरते आरसे. ते आरसे त्या ठिपक्याला इतक्या झपाट्याने पळवतात की ठिपका दिसतच नाही, अख्खा कलश दिसतो. मशीनच्या तोंडाशी बघितलं तर रंग एकत्रच वाटतात, फसायला होतं ते लांब. म्हणून जनूभाऊ एकदा टेबलाच्या टोकाशी पुठ्ठा धरायचे आणि एकदा गल्लीपलीकडची कारखान्याची उंच भिंत धरायचे. जवळ जुळवलं की लांब सुटतं, लांब जुळवलं की जवळ सुटतं. संसारासारखंच आहे, असं मी म्हणायचे. ते नुसते हसायचे.

रेष हवेत दिसावी म्हणून ते मशीनशेजारी धूप लावून ठेवायचे. आमचा गाळामालक सिंधी. धुपाचा वास आला की तो बाहेरूनच हात जोडायचा आणि मला सांगायचा, "बडा भगत आदमी है." मी काही त्याचा गैरसमज दूर केला नाही. मला काय त्याचं?

एकदा जनूभाऊंचा मरून मखमलीचा पडदा फाटला म्हणून ते माझ्याकडे घेऊन आले. माझे दोन्ही हात कापडात गुंतलेले. म्हटलं, "त्या डब्यातलं मरून रीळ द्या जरा." त्यांनी डबा उघडला, बराच वेळ बघितलं आणि एक रीळ काढून दिलं. हिरवं. मी म्हटलं, हे नाही हो, मरून. त्यांनी दुसरं काढलं. तेही हिरवं, जरा गडद. मी कामाच्या घाईत, माझं टाळकंच सरकलं.

"डोळे गहाण ठेवलेत का जनूभाऊ?"

एरवी हसले असते. त्या दिवशी रीळ हातात फिरवत राहिले.

"गहाण ठेवायला आधी असावे लागतात ताई," ते म्हणाले. "मला लाल-हिरवं कळत नाही. जन्मापासून."

मी कात्री खाली ठेवली. रंगाच्या धंद्यातला माणूस, आणि रंगआंधळा! मला आधी वाटलं, थट्टा करतायत. पण थट्टा करणाऱ्याचा चेहरा तसा नसतो.

तरुणपणी म्हणे ते रेल्वेच्या परीक्षेला बसले होते. लेखी पास, धावणं पास. मेडिकलला त्यांच्यासमोर ठिपक्याठिपक्यांचं एक पुस्तक ठेवलं आणि म्हणाले, यातला आकडा वाचा. यांना नुसते ठिपके दिसले, आकडा काही दिसेना. तोवर त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं. शेतात कैरी आणि पान वेगळं ओळखायला रंग कशाला लागतो, आकार असतो ना. घरी काय सांगणार? छाती कमी भरली, असं सांगितलं. वडिलांनी त्यांना वर्षभर दूध पाजलं. आजही दुधाचा वास आला की मळमळतं, म्हणतात.

मग अंबरनाथच्या एका कारखान्यात काचा घासायच्या कामाला लागले. काचांवरून आरशांवर, आरशांवरून लेझरवर. आणि ठिपक्यावर ठिपका बसवायला रंग लागतच नाही. अंगठ्याने एक रेष झाकायची, दुसरी बघायची, मग तिला झाकायचं. निळा तर त्यांना नीटच दिसतो. घोळ लाल-हिरव्याचा. लाल त्यांच्या लेखी मळका पिवळा, हिरवा फिकट पिवळा, आणि दोन्ही मिळून पुन्हा पिवळाच. लाल जास्त पडो नाहीतर हिरवा जास्त पडो, त्यांना काही फरक नाही.

"तुम्हाला हळद लग्नात दिसते," ते म्हणाले. "मला बारा महिने."

मग इतकी वर्षं हळदीच्या कार्यक्रमांत भिंतीवर पिवळाधमक कलश काढत होते तो कसा? तर बायकोच्या जिवावर. ती भिंतीजवळ उभी राहायची, हे मशीनमागे. हे हिरव्याचं बटण हळूहळू चढवायचे आणि ती म्हणायची, "बस." लोकांना वाटायचं, काय जोडी आहे, कामसुद्धा मिळून करतात! ती तापाने गेली. नंतर मुलगी, तेजल, भिंतीजवळ उभी राहायला लागली. तिला त्यांनी आईची शपथ घातली होती, हे कुणापाशी बोलायचं नाही. कोण देईल काम?

"आईची बस लवकर यायची," एकदा मला म्हणाले. "तेजलची जरा उशिरा येते. आईची हळद ओली होती ताई, हिची सुकी आहे." लवकर थांबलं की हळद केशरी, उशिरा थांबलं की फिकट. त्यांना दिसत काही नव्हतं, पण बटणावरच्या बोटांना कळायचं.

बरं, एकदा जुळवलं की बटणावर खूण का करून ठेवत नाही, असं मी विचारलंच. तर म्हणे मशीन तापलं की लाल मरगळतो. हिरवा तसाच राहतो. सकाळची खूण संध्याकाळी खोटी पडते. दर ठिकाणी, दर वेळी माणसाचा डोळाच लागतो.

हे सगळं मी पोटात ठेवलं. माझ्या पोटात बऱ्याच जणांचं बरंच काही आहे.

मग तेजलचं लग्न ठरलं. पोरगी गुणाची, बदलापूरला रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी. मुलगा उन्मेष, विठ्ठलवाडीचा, रेल्वेत सिग्नल खात्यात. त्याचे वडील दिनानाथराव त्याच खात्यातून निवृत्त झालेले, आजोबा रुळांवरचे गँगमन. साखरपुड्याला दिनानाथराव जनूभाऊंच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "आता नातू झाला की आमची चौथी पिढी रेल्वेत." सगळे हसले. माझं लक्ष जनूभाऊंकडे होतं. त्यांच्या हातातला पेढा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडून कुलूपसुद्धा खाली ठेवलं नाही, माझ्या दारात येऊन उभे.

"ताई, हे लग्न मोडणार."

"काय झालं?"

"नातू."

"अहो, अजून लग्नाचा पत्ता नाही आणि तुमचा नातू नापासही झाला?"

पण त्यांना हसू आलं नाही. तेजलनेच त्यांना लॅबमधल्या ज्ञानाने समजावलं होतं, की हे मुलीला सहसा होत नाही, पण मुलीच्या मुलात उतरू शकतं. रेल्वेवाल्या घरात हे कळलं तर? आज ना उद्या कळणारच, आणि मग म्हणतील, लपवलंत.

"मग आजच सांगून टाका," मी म्हटलं.

"आणि नाही म्हणाले तर? तेजलला मुलगा आवडलाय ताई. तिला काय सांगू, तुझ्या बापाच्या डोळ्यांपायी तुझं लग्न मोडलं?"

 मी चहा मागवला.

महिने गेले. सांगतो सांगतो म्हणत त्यांनी काही सांगितलं नाही. लग्न मे महिन्यात धरलेलं. आणि आता मूळ घोळ आला समोर. त्यांच्या गावात अशी पद्धतच पडून गेली होती, की कुणाच्याही घरची हळद असो, नवऱ्याची उष्टी हळद मांडवात पोचली की समोरच्या भिंतीवर जनूभाऊंचा पिवळा कलश उमटायचा. डोक्यांच्या बराच वरून, कुणाच्या डोळ्याला रेष लागणार नाही अशा बेताने. बायका त्या कलशालाही हात जोडायच्या. आता अख्ख्या गावाच्या पोरींना कलश, आणि स्वतःच्या पोरीला नाही? लोक विचारणारच. बरं, त्या दिवशी "बस" म्हणणार कोण? जिने म्हणायचं, ती पाटावर बसलेली. हळद लागलेली नवरी मांडव सोडून बाहेर पडत नाही, आणि भिंत तर रस्त्यापलीकडची. पाटावरून सगळ्यांदेखत ओरडायचीही सोय नाही. तेजल म्हणाली, "आदल्या संध्याकाळी मी जुळवून देते, खूण करा, होईल." बापाने मान डोलावली. पण मे महिना, पत्र्याचा मांडव, हॅलोजनचे दिवे. मशीन तापणार हे त्यांना पक्कं माहीत होतं. पोरीला आणखी कशाला घोर, म्हणून तिला बोलले नाहीत. माझ्याकडे आले.

"ताई, तुम्ही भिंतीजवळ उभ्या राहाल?"

"आणि सगळ्यांदेखत बस बस ओरडू?"

"ओरडू नका. खोका. रंग चुकला असेल तर खोका, मी हिरवा उतरवत जाईन, बरोबर झाला की थांबा. मुळातच बरोबर असेल तर खोकूच नका."

मी म्हटलं बरं. मला हा बेत तेव्हाही बावळटपणाचा वाटला होता. पण दुसरा काही सुचतही नव्हता.

हळदीच्या दिवशी मी लवकरच गेले. दाराशी उंबराच्या फांद्या बांधलेल्या, अंगणात बेंजोवाले घामाघूम, बायकांच्या हिरव्या बांगड्यांचा नुसता खळखळाट. तेजल पाटावर बसली होती, आणि गोड दिसत होती. पाटाजवळ राजाबाई. ही त्यांच्याकडची धवलारीण, म्हणजे लग्नातली गाणी म्हणणारी आणि कुठला विधी कधी करायचा ते सांगणारी म्हातारी. भटजीसुद्धा तिला विचारून पुढे सरकतो.

मी रस्ता ओलांडून भिंतीजवळ जाऊन उभी राहिले. एक तर काम होतं. आणि दुसरं म्हणजे, विधवा बाईने हळदीच्या पाटाजवळ घुटमळायचं नसतं, हे मला सांगावं लागत नाही. नवरा गेल्यापासून मी हळदीला जाते ती जेवणापुरती. वाईट वाटायचं ते वाटून झालंय.

दिवेलागण झाली. विठ्ठलवाडीची माणसं उष्टी हळद घेऊन आली. करवली, दोन-चार बायका, आणि त्यांच्या मागे चक्क दिनानाथराव. वरबाप काही हळद घेऊन येत नसतो. पण त्यांनी कलशाचं ऐकलं होतं. आल्या आल्या म्हणाले, "मी रंगीत दिव्यांत जन्म काढला बुवा. म्हटलं, तुमचा दिवा बघूनच येऊ." जनूभाऊंनी हात जोडले. 

मशीन मांडवाच्या तोंडाशी टेबलावर होतं. जनूभाऊ त्याच्यामागे जाऊन उभे राहिले आणि माझ्याकडे बघून बारीक मान हलवली. मीही हलवली. घसा तयार ठेवला.

आणि तेवढ्यात पाटावरून तेजलचा आवाज आला.

"कीर्तीमावशी कुठे आहे? मावशी मला हळद लावणार आहे."

मावशी म्हणजे मी. बायका चपापल्या. कुणीतरी दबक्या आवाजात काहीतरी म्हणालं. मी लांबूनच हाताने नको नको केलं. तर राजाबाई कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"ए बाय, तिकरं कशाला उभी? ये इकरं. पोरीला आई नाय, मावशी बी नको काय? हलद शेतात पिकते, तिला नवरा हाय का नाय ती इचारत नाय."

 राजाबाईच्या पुढे बोलायची कुणाची टाप आहे? एक पोरगी धावत येऊन माझा हात धरून मला ओढत घेऊन गेली. माझे डोळे भरून आले. आले तर आले, सांगायला लाज कसली. किती वर्षांनी कुणी मला हळदीच्या ताटाजवळ बोलावलं होतं. मी दोन्ही हात हळदीत बुडवले आणि तेजलच्या गालांना लावले. भिंत, कलश, खोकला, सगळं माझ्या डोक्यातून साफ गेलं.

इकडे बेंजो थांबला. उष्टी हळद ताटात पडली. मशीनवर वाकलेल्या जनूभाऊंना मी भिंतीजवळून हलल्याचं कळलंच नव्हतं. त्यांनी मशीन चालू केलं.

भिंतीवर कलश उमटला. हिरवा. हिरवा म्हणजे किती हिरवा, कच्च्या कैरीसारखा पोपटी. नारळ पोपटी, पानं पोपटी, पोट पोपटी. जनूभाऊ कान देऊन खोकल्याची वाट बघत उभे. खोकला येईना. त्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला, मग फुलला. 

"जनूदादा," गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "हळद कच्ची राहिली काय?"

लोक हसले. जनूभाऊंना वाटलं, नेहमीची चेष्टा. तेही हसले आणि सगळ्यांना नमस्कार करायला लागले. हिरव्या कलशासमोर तो माणूस हात जोडून हसत होता. मला बघवेना. मी जोरजोरात खोकायला लागले. हळदीची पूड घशात गेली असेल म्हणून एका बाईने माझ्या तोंडाला पाणी लावलं, दुसरी पाठ चोळायला लागली. मशीनचा पंखा घरघरत होता, लोक हसत होते, त्यांना ऐकू कुठून जाणार?

दिनानाथरावांच्या कपाळाला आठी पडली होती. ते भिंतीकडे बघत होते, मग जनूभाऊंकडे, मग पुन्हा भिंतीकडे.

तेजलने मान वर केली. कलश पाहिला, बापाला पाहिलं, सासऱ्यांना पाहिलं. माझे हात अजून तिच्या गालांवर होते, तिने दात आवळलेले मला हातांना कळले. मग तिने माझे हात बाजूला केले.

"बाबा, हिरवा कमी करा!"

एवढ्या मोठ्याने, की बेंजोवाल्यांनी वळून पाहिलं. हसणं थांबलं. पाटावरच्या नवरीने असं ओरडायचं नसतं, तेही सासरच्या माणसांदेखत. जनूभाऊंचा चेहरा पांढराफटक पडला. हात बटणावर गेला, पण बटण फिरवायचं त्यांना सुचेना.

दिनानाथराव मशीनजवळ गेले. मीही मागोमाग गेले, हात हळदीने माखलेले तसेच. म्हटलं, आता जे होईल ते आपल्या डोळ्यांसमोर होऊ दे.

"मेडिकलला बसला होतात कधी?" दिनानाथरावांनी हळूच विचारलं.

"हो."

"ठिपक्यांचं पुस्तक?"

"हो. नापास." मग जनूभाऊंनी एका दमात सगळं बोलून टाकलं. "आम्ही लपवलं. पोरीचा दोष नाही, तिला मी शपथ घातली होती. तुमच्या नातवात उतरू शकतं. तुम्ही काय म्हणाल ते मला मान्य आहे. फक्त तिला काही बोलू नका."

 मांडवातलं एक माणूस हलेना. तेजल पाटावर ताठ बसून होती.

"आणि आज इथे काय ठरवलं होतंत?" दिनानाथरावांनी विचारलं. "रंग बघणार कोण होतं?"

"मी," मी म्हटलं. "रंग चुकला तर मी खोकणार होते."

"आणि खोकला आला नाही तर?"

"तर बरोबर आहे असं धरायचं," जनूभाऊ म्हणाले.

दिनानाथरावांनी कपाळावर हात मारून घेतला. "अहो व्याही! सिग्नलचा दिवा विझला तर तो हिरवा धरत नाहीत, लाल धरून गाडी थांबवतात! सगळी रेल्वे यावर चालते. तुम्ही नापास झालात ते बरंच झालं!"

कुणीतरी फिस्सकन हसलं. जनूभाऊंना कळेना, हे रागावलेत की काय.

"ते नातवाचं..." त्यांनी पुन्हा सुरू केलं.

"नातू आधी होऊ दे," दिनानाथराव म्हणाले.  "माझ्या बापाने रुळांवर जन्म काढला, मी दिव्यांत काढला. सणाला आम्ही दोघंही कधी घरी नव्हतो. एखादा वेळेवर जेवायला येणारा निघाला तर माझी बायको देवाला नारळ फोडेल." मग त्यांनी रस्त्याकडे तोंड करून एक हात वर केला. "चला, उतरवा हिरवा. हळू. अजून... अजून... बस!"

"नाही बाबा, अजून थोडा," पाटावरून तेजल म्हणाली. सासऱ्यांना. आणि जनूभाऊंना म्हणाली, "अगदी जरासा. हं. बस."

दिनानाथरावांनी वळून तिच्याकडे पाहिलं आणि हात खाली घेतला. "बरं बाई," ते म्हणाले. "तुझी बस खरी."

त्या घरात पुढे कुणाचं चालणार, ते मला तिथेच कळलं. राजाबाईने गाण्याचा सूर लावला, बायका पुन्हा ताटाभोवती गोळा झाल्या. भिंतीवर पिवळाजर्द कलश उभा होता आणि म्हाताऱ्या त्याला हात जोडत होत्या.

जनूभाऊ मशीनला टेकून उभे होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुसायचं भान नव्हतं.

"ताई," त्यांनी विचारलं, "झाला का पिवळा?"

"झाला. सुरेख झाला."

ते भिंतीकडे बघत राहिले.

"मला तर मघाशीही असाच दिसत होता," ते म्हणाले.

 माझ्या हातांना अजून हळद होती. मी त्यांच्या कपाळाला बोट लावलं आणि खालीपर्यंत, नाकाच्या शेंड्यापर्यंत ओढलं. त्यांनी डोळे मिटून श्वास घेतला.

"ही कळते," ते म्हणाले.